मचूळबाव

पावसाच्या तोंडावरची आगोट आली की आमच्या मोहल्ल्यात बोलणं कमी होतं आणि कामं वाढतात. होड्या वर ओढून झापांखाली झाकायच्या, सुकी मासळी डब्यांत भरायची, लाकूडफाटा माळ्यावर चढवायचा, छपरं शाकारायची. मुंबईची शेवटची आगबोट रत्नागिरीला माणसं उतरवून गेली की दर्या बंद. मग चार महिने जे घरात आहे त्यावर राहायचं. या दिवसांत माणसं प्रेमाने नाही, घाईने एकमेकांच्या दारात जातात. याचा कोयता त्याच्याकडे, त्याची दोरी याच्याकडे. भांडणंसुद्धा श्रावणावर टाकतात.

पंधरवड्यापूर्वी बावीतला गाळ उपसायला सुरुवात झाली आणि ओल्या तांबड्या मातीचा वास माझ्या चुलीपर्यंत आला. बाव म्हणजे विहीर. बाहेरून आलेल्या माणसाला हा वास बरा वाटेल. मला नाही. बारा वर्षं झाली, दर आगोटीला हा वास येतो आणि दर आगोटीला मी भाकरी करपवते. नवरा म्हणतो, आगोटीत तुझं डोकं ठिकाणावर नसतं. खरंच नसतं, आणि का नसतं ते मी त्याला परवापर्यंत सांगितलं नव्हतं.

आमचा मोहल्ला गावाच्या पायथ्याशी, खाडीच्या काठाला. वरून उतार येतो, उतारावरून सांडपाणी येतं, पावसाळ्यात कुणाकुणाची केरसुणीसुद्धा येते. वरून खाली न येणारी एकच गोष्ट, पिण्याचं पाणी. गावात नळ आहेत, पण ते बाजाराच्या टोकाला येऊन थांबतात आणि चैत्रात खोकायला लागतात. मोहल्ल्याची जुनी विहीर भरतीबरोबर वर चढते आणि ओहोटीबरोबर उतरते, यावरून काय ते समजा. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून आम्ही राकेलचे रिकामे डबे डोक्यावर घेऊन उतार चढायचो, वरच्या आळीतल्या विहिरीवर.

वर चढून उपयोग नव्हता, थांबायचं होतं. विहिरीपासून दहा पावलांवर एक चिरा होता, तिथे आम्ही मुसलमानणी उभ्या राहायचो. पलीकडच्या वाडीतल्या महारणी आणखी दहा पावलं मागे. कुणीतरी वरच्या आळीतलं येईल, पोहरा ओढेल, लांबून आमच्या डब्यात ओतेल. निम्मं पाणी डब्यात, निम्मं आमच्या पायांवर. बहुतेक दिवशी ओतायला एक म्हाताऱ्या काकू यायच्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या चांगुलपणाचासुद्धा मला राग यायचा.

"तुमचं पाणी ओढता ओढता माझे खांदे गेले हो," त्या म्हणायच्या. "तुमची विहीर कधी होत्येय?"

"तुमच्या तोंडात साखर पडो," मी म्हणायचे. दोरी माझ्या हातात दिली असती तर त्यांचे खांदेही वाचले असते आणि माझे पायही. हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही आणि मी कधी बोलले नाही. दोघी शहाण्या.

त्या वर्षी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, गावात सुधारणेचे वारे वाहत होते. सभा होत होत्या, टोप्या बदलत होत्या. आमच्याकडेही एक मंडळी आली, मोहल्ल्याची सुधारणा करायला. खुर्च्या मशिदीसमोर मांडल्या. एक गृहस्थ पाऊण तास स्वच्छतेवर बोलले. रोज स्नान करावं, कपडे धुवावेत, मुलांची डोकी धुवावीत. शेवटी प्रत्येक घराला साबणाची एकेक वडी वाटली. आम्ही घरी जाऊन जुन्या विहिरीच्या पाण्यात साबण घासला. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नुसता चिकट चोथा होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साबण देणाऱ्याला हे माहीत नव्हतं, कारण त्याने आमच्या विहिरीत कधी हात बुडवला नव्हता. खतिजाखालाने तिची वडी फळीवर ठेवून दिली. वास बरा होता.

खतिजाखाला कुणाची सख्खी खाला, म्हणजे मावशी, नव्हती, पण साऱ्या मोहल्ल्याची होती. नवरा दर्यात गेलेला, मूलबाळ नाही, आवाज तेवढा तीन माणसांचा. साबणाच्या त्या रागातूनच ती पुरुषांवर बरसली. आगोट असल्यामुळे सगळे खलाशी आगबोटींवरून घरी आलेले होते. माझा नवरा दाऊदही होता.

"साऱ्या दुनियेचा पानी तुमी बोटीतसून बगता," ती म्हणाली, "आनि बायका मातर वरच्या आळीत भीक मागतात. हातात फावडा धरा, नायतर बांगड्या भरा."

बांगड्या कुणी भरल्या नाहीत. उताराच्या पोटात, मोहल्ल्याच्या मागे, एक फणसाचं झाड होतं. भर वैशाखात त्याचं पान हिरवंगार असायचं. खाला म्हणाली, झाड खोटं बोलत नाही. ती जागा सरकारची. कचेरीतल्या कारकुनाने तोंडी सांगितलं, खणा, पण कागदाशिवाय बांधकाम करायचं नाही. आणि मोहल्ला खणायला लागला.

ते अकरा दिवस मी कधी विसरणार नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका दोरीला लागली. पुरुष आत, बायका वर, मातीच्या टोपल्यांची रांग. दोन पुरुष खोलीपर्यंत वाळूमाती, मग जांभा लागला. जांभ्यावर पहारीचा ठण् ठण् आवाज दिवसभर, आणि त्या आवाजावर मुलं झोपी जायची. दुपारी कुणाच्या घरची पेज, कुणाकडचा सुका जवळा, कुणाकडचं कैरीचं लोणचं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पहिलं मूल होऊन गेलेलं होतं आणि त्यानंतर मी हसायची विसरले होते. त्या अकरा दिवसांत हसले.

अकराव्या दिवशी आतून दाऊदचा आवाज आला, "लागला! पानी लागला!" पहिला पोहरा गढूळ. दुसऱ्या दिवशीचा निवळशंख. खालाने फळीवरची साबणाची वडी आणली आणि सगळ्यांसमोर पाण्यात घासली. फेस आला. हाताच्या कोपरापर्यंत पांढरा, भरघोस फेस आला. बायका रडल्या. पाणी गोड होतं, शहाळ्यासारखं गोड. पण गोड आहे असं कुणीही म्हटलं नाही.

आता हे समजून घ्या, कारण सगळं इथेच आहे. आमच्यात चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत. नजर लागते. होडी वाकेपर्यंत मासळी मिळाली आणि किनाऱ्यावर कुणी विचारलं की काय गावला, तर उत्तर ठरलेलं, "काय नाय, कालवनापुरता." पोर गुबगुबीत असलं तर म्हणायचं, "कसला काळा ढोम हाय." माशाल्ला म्हणावं आणि मोकळं व्हावं असं मौलवी सांगतात, पण खालाच्या मते माशाल्ला माणसांना पुरतं, पाण्याला पुरत नाही. वरच्या आळीतल्यांनी हसू नये. त्यांच्याही पोरांच्या गालावर काजळाची तीट असते.

आणि मी? माझं पहिलं पोर पाच महिन्यांचं असताना एका बाईने त्याला उचलून म्हटलं होतं, काय राजबिंडा आहे. आठव्या दिवशी तापाने गेलं. ताप कुणाच्या बोलण्याने येत नाही, हे मला शाळेत शिकवलं होतं. मी मराठी पाचवीपर्यंत शिकले होते. पण पोर गेल्यावर शाळा कुठे आठवते? त्यानंतर मी कशालाही चांगलं म्हणायचं सोडलं.

विहिरीला चिऱ्यांची बांधणी हवी होती. नाहीतर वरची दोन पुरुष माती पहिल्या मोठ्या पावसात आत बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यासाठी कचेरीचा कागद हवा, कागदासाठी तपासणी हवी. अर्ज मी लिहिला. आठ दिवसांनी ओव्हरसियर आले. घाटावरचे होते, छत्री, कोट, कपाळावर घामाचे ओघळ. आत डोकावले, दोरी सोडून खोली मोजली, वही काढली.

"पाणी कसं आहे?"

सगळ्यांनी खालाकडे पाहिलं. खाला पुढे झाली आणि अदबीने म्हणाली, "काय सांगू सायेब, खाराच हाय. दर्याचा शेजार, गोड कुठसून असनार?"

आमच्या भाषेत याचा अर्थ होता, साहेब, अमृत आहे, कुणाला सांगू नका. साहेब आमच्या भाषेतले नव्हते. त्यांची लेखणी थांबली. मी घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यात पाणी घेऊन उभी होते. मी तो पुढे केला.

"तहान नाही," ते म्हणाले. ओठ सुकलेले होते, आणि जिभेने ते ओठ ओले करत होते. मग मला म्हणाले, "अर्ज तू लिहिलास ना? तू शिकलेली दिसतेस. खरं सांग. पाणी कसं आहे?"

खरं सांग, म्हणाले. मी सांगणार होते. गोड हा शब्द माझ्या घशापर्यंत आला. समोर चाळीस माणसं, अकरा दिवसांची माती सगळ्यांच्या नखांत, आणि मला त्या क्षणी माझं पोर दिसलं, त्या बाईच्या हातात. माझ्या तोंडून हलकेच, फक्त साहेबांना ऐकू जाईल असं निघालं, "थोडं मचूळ आहे."

शाळेच्या पुस्तकातला शब्द, म्हणजे किंचित खारट. समुद्राकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ असते. मला वाटलं मी मधला मार्ग काढला, नजरही लागणार नाही आणि साहेबांनाही कळेल की फार वाईट नाही. साहेबांना आनंद झाला. खालाच्या खाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण मचूळ हा लिहिण्याजोगा शब्द होता. त्यांनी तो लिहिला, छत्री उघडली आणि गेले. मागे मोहल्ल्याने आनंदाने एकमेकांना टाळ्या दिल्या. खाला म्हणाली, "सायेब भला मानूस हाय. पुसला तरी." विचारलं तरी, एवढ्यावर आम्ही खूष.

या माणसाचा मला आजही राग येतो. एक घोट. फक्त एक घोट घेतला असता, तर आमचं खोटं आपोआप खोटं ठरलं असतं. आमची नजर आणि त्यांचा विटाळ, या दोघांच्या मध्ये ती विहीर सापडली. पण राग एकट्या त्यांच्यावर काढता आला असता तर बरं झालं असतं. तोंड माझं होतं.

तीन आठवड्यांनी कागद आला. दक्षिणेकडे काळे ढग दिसायला लागले होते. सगळे फणसाखाली जमले आणि मी वाचलं. सदर विहिरीचे पाणी मचूळ असल्याने बांधणीस मंजुरी देता येत नाही.

माझे कान तापले. मग खालाने विचारलं, "मचूळ म्हंजे काय गो?"

कुणालाच तो शब्द माहीत नव्हता. आमच्याकडे पाणी खारं असतं नाहीतर गोड. त्या शब्दाचा अर्थ मोहल्ल्यात एकटीला माहीत होता, मला. आणि तो शब्द कुणी दिला, हेही मलाच. साठ-सत्तर डोळे माझ्यावर होते. मी म्हणाले, "मचूळ म्हणजे गोड."

"गोड हाय म्हनून बांदनी नाय?" दाऊद उसळला. "असा कसा?"

"मंग काय!" खाला म्हणाली. "मुसलमानांना गोड पानी कशाला देतील ते?"

आणि झालं. मोहल्ल्याला राग धरायला एक कारण मिळालं, आणि ते मी घडवलेलं होतं. पाऊस आला. चौथ्या दिवशी भल्या सकाळी एक धप्प आवाज झाला आणि वरची माती आत गेली. आम्ही पुन्हा राकेलचे डबे डोक्यावर घेतले. काकू म्हणाल्या, "अगो, तुमची विहीर झाली ना?" मी म्हणाले, "झाली होती."

तेव्हापासून दर आगोटीला पुरुष घरी आले की मोहल्ला ती बाव उपसतो, खणतो, पाणी लागतं, वीस-पंचवीस दिवस आम्ही गोड पाणी पितो, आणि पावसात ती पुन्हा बसते. दर वर्षी मी अर्ज लिहिते आणि कचेरी जुन्याच कागदाकडे बोट दाखवते, तपासायला कुणी येत नाही. बारा वर्षं. लोक म्हणतात, बघा मोहल्ल्याची एकी! सभांमध्ये दाखला देतात. मला त्या एकीचं कौतुक ऐकवत नाही. तेच तेच खणायला लावून माणसांची एकी टिकवायची, ही कसली तऱ्हा? या बारा वर्षांत गावात मोटारसर्व्हिस आली, बंदरावर नवे दिवे आले. आमच्याकडे साबणाच्या वड्या आणखी दोनदा आल्या.

आणि तो शब्द राहिला. विहिरीचं नावच मचूळबाव पडलं. गोड म्हटलं तर नजर लागते, पण मचूळ हा परका शब्द, त्याला नजर लागत नाही, असं खालाने ठरवून टाकलं. तिला तर तो शब्द सापडल्याचा कोण आनंद! पहिल्यांदाच तिला एखाद्या गोष्टीला मोकळेपणाने चांगलं म्हणता येत होतं. आंबा मचूळ, शहाळं मचूळ. निकाहाला आलेल्या नव्या नवरीला ती म्हणाली, "मचूळ दिसतंय गो पोरगी," आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, आणि आत जाऊन चुलीत फुंकर घालत बसले, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण द्यायला नको. माझ्या मुलीला शाळेत मास्तरांनी मचूळचा अर्थ विचारला. तिने सांगितलं, खूप गोड. वर्गाने खिदळून घेतलं. घरी येऊन रडत म्हणाली, "आई, मास्तरांना येत नाय." मी तिला म्हणाले, हो, मास्तरांना येत नाही. स्वतःच्या लेकीला.

परवा नवे ओव्हरसियर आले. अर्ज यंदाही मीच लिहिला होता. तरुण माणूस, खादीची टोपी, बोलायला गोड. आत डोकावले, दोरी सोडली, वही काढली.

"पाणी कसं आहे हो, आजी?"

खाला आता काठी टेकते. पण आवाज तोच. ती अभिमानाने पुढे झाली. "मचूळ हाय सायेब! लय मचूळ! साऱ्या दर्याकाठी असा मचूळ पानी गावायचा नाय!"

मागून चार बायकांनी माना डोलावल्या. साहेबांची लेखणी वहीवर टेकली, आणि मी हातातला तांब्या घेऊन पुढे झाले.

"थांबा," मी म्हणाले. "ते लिहू नका."

मग मी बोलले. मचूळचा खरा अर्थ सांगितला. बारा वर्षांपूर्वी तो शब्द कुणी दिला ते सांगितलं. कागद वाचताना मी काय केलं तेही. साहेबांना सांगत होते, पण ऐकत होता मोहल्ला. दाऊद बावीच्या कडेला पहार धरून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "बारा वरसा?" त्याचे केस या बारा वर्षांत पिकलेत.

साहेब वैतागले. "मग मी लिहू काय? गोड की मचूळ?"

"गोड आहे," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मागे बायकांनी श्वास आत ओढला. मी तांब्या पुढे केला. "पिऊन बघा."

त्यांनी तांब्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली. "तहान नाही," म्हणाले.

मला हसू आलं की रडू, सांगता येणार नाही. "मग हात तरी धुवा. साबण आहे. फेस आला की गोड."

"हात स्वच्छच आहेत माझे."

"तर मग असं लिहा," मी म्हणाले, "पाणी चाखलेलं नाही. एवढंच लिहा. मचूळ नको, गोड नको. पाणी चाखलेलं नाही, असं लिहा."

त्यांचे गोरे कान लाल झाले. मग वही छातीशी धरून त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. कागद अजून यायचाय. पाऊस त्याच्या आधी येईल असं दिसतंय.

साहेब उतार चढायला लागले. मी खालाकडे बघायला धजत नव्हते. बारा वर्षं तिने माझं खोटं तोंडभर वाटलं होतं. काठीचा आवाज जवळ आला. मला वाटलं, मारते आता. मारलं असतं तरी चाललं असतं. तिने माझ्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि थांबत थांबत सगळा प्याली. पदराने तोंड पुसलं आणि उताराकडे वळून, त्या तीन माणसांच्या आवाजात ओरडली, "गोड हाय, सायेब! आमचा पानी गोड हाय!"

आणि नजर लागू नये म्हणून थू थू केलं नाही.